सैन्यातील डॉक्टर: आधी पदव्युत्तर शिक्षण की आधी तिन्ही दलांचा अनुभव?

प्रश्न: हिमरेषा (कॅप्टन, आर्मी मेडिकल कोअर)

सर्वांना नमस्कार.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झालो. लखनौच्या एएमसी सेंटरमध्ये मेडिकल ऑफिसर्स बेसिक कोर्स केला, नंतर एका लष्करी रुग्णालयात वर्षभर काम केले आणि गेली अडीच वर्षे उत्तरेकडच्या उंच डोंगरी भागात पायदळाच्या एका बटालियनचा आरएमओ (रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे बटालियनचा डॉक्टर) म्हणून काम करीत आहे. शॉर्ट सर्व्हिसचा पहिला पाच वर्षांचा टप्पा संपायला आता थोडेच महिने उरले आहेत. मुदत वाढवत गेल्यास एकूण चौदा वर्षांपर्यंत सेवा करता येते, मधल्या काळात निवड झाल्यास कायम कमिशन मिळू शकते, आणि यांपैकी काहीच नको असेल तर बाहेर पडून नीट-पीजीची तयारी करण्याचा मार्ग मोकळा आहे. मला सेवा सोडायची नाही, एवढे माझे ठरले आहे. प्रश्न पुढचा आहे.

आमच्या बटालियनचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) मला वडीलकीच्या नात्याने वारंवार सांगतात की येत्या काळात सैन्याची सगळी रचना तिन्ही दलांच्या संयुक्त कामाच्या दिशेने जाणार आहे, आणि ज्याच्या नोंदीत स्वतःच्या दलाबाहेरचे काहीच नाही त्याला वरच्या पदांवर अडचण येईल. मी ज्या रुग्णालयात पूर्वी होतो तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांचे मत नेमके उलटे आहे. डॉक्टरची किंमत त्याच्या विषयावरून ठरते, त्यामुळे बाकी सगळे मागे ठेवून आधी एमडी किंवा एमएस पूर्ण करावे, असे ते म्हणतात. दोघांच्याही हेतूबद्दल मला शंका नाही, म्हणूनच गोंधळ अधिक आहे.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. लढाऊ शाखांतील अधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेजसारखी संयुक्त कामाची पात्रता असते, तशी कागदावर मोजली जाणारी काही पात्रता वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी आहे का? त्यासाठी नौदलात किंवा वायुदलात बदली मागणे योग्य ठरेल का, की एखादा छोटा अभ्यासक्रम पुरेसा आहे? आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न हा की हे पदव्युत्तर शिक्षणाच्या आधी करावे की नंतर? या मार्गावरून प्रत्यक्ष गेलेल्या ज्येष्ठांनी आपला अनुभव सविस्तर लिहिल्यास उपकार होतील. माझ्याबरोबर बेसिक कोर्स केलेले आणखी तीन-चार मराठी डॉक्टर याच वळणावर उभे आहेत आणि ही चर्चा तेही वाचणार आहेत.

उत्तर: सर्जन कमोडोर (निवृत्त), पुणे

डॉक्टर, तुम्ही प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही आधी नेमकेच देतो. पहिले म्हणजे कायम कमिशनच्या निवडीची संधी दवडू नका. दुसरे, पदव्युत्तर शिक्षण पुढे ढकलू नका. तिसरे, दल बदलण्याचा अर्ज आज करू नका, परंतु दुसऱ्या दलाच्या वैद्यकशास्त्राचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम आत्ताच मिळत असेल तर तो अवश्य करा. आता कारणे सांगतो.

संयुक्तपणाची चर्चा हल्ली सुरू झाली असे पुष्कळांना वाटते. सैन्यातील डॉक्टरांच्या बाबतीत ते खरे नाही. १९४७ मध्ये डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवा आणि संशोधन यांचे एकत्रीकरण करावे असे सुचवले, आणि त्यातूनच तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांवर एक महासंचालक, म्हणजे आपण ज्यांना डीजीएएफएमएस म्हणतो ते पद, उभे राहिले. १ मे १९४८ रोजी पुण्यात स्थापन झालेले आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज हेही त्याच विचाराचे फळ आहे. सुरुवातीला तिथे केवळ सेवेतील डॉक्टरांचे पुढचे शिक्षण होत असे, आणि एमबीबीएसची शाखा १९६२ मध्ये सुरू झाली. तिन्ही दलांसाठी एकात्मिक संरक्षण मुख्यालय २००१ मध्ये झाले, संरक्षण दल प्रमुखांचे पद २०२० मध्ये आले. या दोन्ही गोष्टींच्या अर्धशतक आधीपासून आपले डॉक्टर एकाच महाविद्यालयात शिकून तीन वेगवेगळ्या गणवेशांत काम करीत आहेत. तेव्हा तुमच्या सीओंना आदरपूर्वक सांगा की ते ज्या दिशेबद्दल बोलत आहेत त्या दिशेने डॉक्टर पुष्कळ आधी निघाले होते.

म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की डॉक्टरची संयुक्त पात्रता एका परीक्षेत किंवा एका बिल्ल्यात मावत नाही, ती नेमणुकांच्या क्रमातून तयार होते. सर्जन व्हाइस अॅडमिरल आरती सरीन १ ऑक्टोबर २०२४ रोजी डीजीएएफएमएस झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांनी स्थलसेना, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचा गणवेश घातलेला आहे, आणि नौदल व वायुदल या दोन्हींच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालकपदही सांभाळलेले आहे. लेफ्टनंट जनरल साधना सक्सेना नायर वायुदलात एअर मार्शल होत्या आणि २०२४ मध्ये स्थलसेनेच्या वैद्यकीय सेवांच्या महासंचालक झाल्या. त्यांच्याही आधी पुनीता अरोरा लेफ्टनंट जनरल असताना नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस अॅडमिरल झाल्या. आपल्या महाराष्ट्राला जवळचे उदाहरण लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचे आहे. पुण्याच्या एएफएमसीत घडलेल्या या डॉक्टर २०२० मध्ये एकात्मिक संरक्षण मुख्यालयातील वैद्यकीय विभागाच्या प्रमुखपदी गेल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

ही नावे वाचताना त्यांच्या मागचा विषयही पाहा. सरीन मॅडम कर्करोगावरील किरणोपचाराच्या तज्ज्ञ, कानिटकर मॅडम लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या, अरोरा मॅडम स्त्रीरोगशास्त्राच्या. आधी त्या आपल्या विषयात उभ्या राहिल्या आणि मग दलांच्या भिंती त्यांच्यासाठी पातळ झाल्या. तुमच्या रुग्णालयातील वरिष्ठांचे म्हणणे या अर्थाने बरोबर आहे. आपल्या सेवेत पदव्युत्तर शिक्षणानंतर ग्रेडेड स्पेशालिस्ट, मग क्लासिफाइड स्पेशालिस्ट, मग सीनियर अॅडव्हायझर आणि त्यापुढे कन्सल्टंट अशी शिडी आहे. तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर असताना हातातले काम सुटले तर ते परत मिळवायला फार त्रास होतो, आणि शस्त्रक्रियेच्या विषयांत तर तो रुग्णाला भोगावा लागतो. मी स्वतः शल्यचिकित्सक आहे. ग्रेडेड झाल्यावर लगेच मुख्यालयातील टेबलावर बसलेले माझे दोन समवयस्क पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये परतताना किती अस्वस्थ असत, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुख्यालयातील किंवा संयुक्त संघटनेतील लांब नेमणूक क्लासिफाइड झाल्यानंतर घ्यावी.

मग छोटा अभ्यासक्रम आत्ता कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. एमबीबीएस झाल्यानंतरच्या माझ्या पहिल्याच सागरी नेमणुकीत, खोल पाण्यातून वर आलेल्या एका पाणबुड्याचे खांदे आणि कोपर दुखू लागले, थोड्या वेळाने पायांना मुंग्या येऊ लागल्या. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन हा आजार होतो हे मला पुस्तकातून माहीत होते. आमच्या जहाजावर हेलिकॉप्टर होते, म्हणून मी उत्साहाने ताबडतोब हवाई मार्गाने हलवण्याचा आग्रह धरला. किनाऱ्यावरच्या ज्येष्ठ नौदल डॉक्टरांनी संदेशातून एकच प्रश्न विचारला: उड्डाण किती उंचीवरून होणार? हवेचा दाब जितका कमी होईल तितके ते बुडबुडे मोठे होतात आणि रुग्ण वाटेतच पांगळा होऊ शकतो, ही गोष्ट घाईत माझ्या ध्यानातच आली नव्हती. वैमानिकाला समुद्राच्या पृष्ठभागालगत उडायला सांगून आम्ही त्याला रीकम्प्रेशन चेंबर (दाब पुन्हा वाढवून उपचार करण्याची बंद खोली) असलेल्या ठिकाणी पोहोचवले आणि तो चालत घरी गेला. मुंबईच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात नौदलाची इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. तिथे शिकवले जाणारे सागरी वैद्यक मला त्या दिवसाआधी मिळाले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

तुमच्या बाबतीत समुद्रापेक्षा आकाश जवळचे आहे. त्याबद्दल वायुदलातल्या कोणी लिहिले तर अधिक चांगले.

उत्तर: विंग कमांडर, एरोस्पेस मेडिसिन (मूळ कोल्हापूर)

सर्जन कमोडोर सरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. एका ठिकाणी मात्र मला वेगळे वाटते, आणि ते आधी लिहिते. संयुक्त अनुभव म्हणजे दुसऱ्या दलात किंवा मुख्यालयात झालेली नेमणूक, असे गृहीत धरून आपण बोलतो आहोत. उंच भागातला आरएमओ रोज संयुक्त कामच करीत असतो. त्याचा जवान पायदळाचा, तो ज्या हेलिकॉप्टरमधून खाली जाणार ते आर्मी एव्हिएशनचे किंवा वायुदलाचे, खालच्या तळावरून पुढच्या मोठ्या रुग्णालयाकडे नेणारे विमान वायुदलाचे, आणि शेवटी त्याच्यावर उपचार करणारा तज्ज्ञ कोणत्याही गणवेशातला असू शकतो. ही साखळी तुमच्या आरएपीपासून (रेजिमेंटल एड पोस्ट), म्हणजे अगदी तुमच्या तंबूपासून सुरू होते. तिथे तुम्ही काय केले आणि काय केले नाही यावर पुढच्या सगळ्यांचे काम अवलंबून असते.

डॉक्टर, तुम्हाला एक सोपे उदाहरण देते. छातीला मार लागून फुफ्फुसाभोवती थोडी हवा साठलेला जवान जमिनीवर ठीक वाटतो. त्याला तसाच हेलिकॉप्टरमध्ये ठेवला आणि हेलिकॉप्टर खिंड ओलांडायला वर चढले की ती अडकलेली हवा प्रसरण पावते. समुद्रसपाटीवर जेवढी हवा असते ती सुमारे २,४०० मीटर उंचीच्या दाबाला एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते, आणि तुमच्या भागातल्या खिंडी त्याहून किती उंच आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून छातीतली नळी उड्डाणाआधी टाकावी लागते, श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्यात हवेऐवजी सलाइन भरावे लागते किंवा त्याचा दाब वाटेत पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, आणि हवा भरायची स्प्लिंट लावली असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवायला कोणीतरी बरोबर द्यावे लागते. याची दुसरी बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. लेहचा विमानतळच ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे तिथून दाबनियंत्रित विमानात बसलेला रुग्ण उड्डाणात असतानाही केबिनमधील दाबाच्या हिशेबाने लेहपेक्षा खालीच असतो. धोका आहे तो त्याआधीच्या, दाबनियंत्रण नसलेल्या हेलिकॉप्टरच्या टप्प्यात. हे ज्याला कळते तो डॉक्टर वैमानिकाशी त्याच्या भाषेत बोलू शकतो, आणि संयुक्त पात्रता म्हणतात ती माझ्या मते हीच आहे.

बंगळुरूला वायुदलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, म्हणजे उड्डाणाच्या वैद्यकशास्त्राची संस्था, आहे. तिची सुरुवात १९५७ मध्ये झाली. तिथे वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी एव्हिएशन मेडिसिनचा प्राथमिक अभ्यासक्रम होतो आणि पुढे एमडी एरोस्पेस मेडिसिनही करता येते. वायुदलाच्या पहिल्या महिला एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय याच विषयाच्या तज्ज्ञ होत्या. प्राथमिक अभ्यासक्रमासाठी नाव जावे असे वाटत असेल तर आपल्या एडीएमएसमार्फत (डिव्हिजनच्या मुख्यालयातील वैद्यकीय प्रमुखांमार्फत) लेखी विनंती करा आणि उत्तर आले नाही म्हणून गप्प बसू नका. आरएमओच्या एसीआरमध्ये (वार्षिक गोपनीय अहवालात) युनिटच्या सीओंचे मत असते आणि तांत्रिक बाजूचे मत वैद्यकीय वरिष्ठांकडून येते, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या विनंतीची आणि कामाची माहिती या दोन्ही बाजूंना असणे तुमच्या हिताचे आहे.

अभ्यासक्रम मिळो वा न मिळो, आजपासून एक वही ठेवा. प्रत्येक हवाई स्थलांतराची नोंद करा: निर्णय किती वाजता झाला, हेलिकॉप्टर केव्हा आले, हवामानामुळे किती थांबावे लागले, उड्डाणाआधी काय केले, रुग्ण पोहोचला तेव्हा त्याची अवस्था काय होती. रुग्णाची ओळख मात्र त्यात येऊ देऊ नका, आणि वही युनिटच्या गोपनीयतेचे नियम पाळूनच ठेवा. जवळच्या हेलिकॉप्टर युनिटच्या वैमानिकांना आपल्या एमआय रूममध्ये (युनिटच्या तपासणी-दवाखान्यात) बोलवा, रुग्ण आत कसा ठेवता येतो, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे बांधता येतो हे त्यांच्याकडून समजून घ्या. १९६२ च्या युद्धानंतर उंचावर चढणाऱ्या जवानांच्या फुफ्फुसात पाणी होण्याच्या आजारावर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी काम केले, आणि त्यांचे निबंध साऱ्या जगाने वाचले. त्या कामाची सुरुवात रुग्णांच्या नीट ठेवलेल्या नोंदींतूनच झाली होती.

दल बदलण्याबद्दल दोन ओळी. कमिशनच्या वेळी पसंती विचारतात, नंतरही बदल होऊ शकतो, पण शेवटचा निर्णय सेवेच्या गरजेवर असतो. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील आणि दल वेगवेगळे असेल तर हा विचार निराळा होतो. तो तुमच्यापुढे आज नसावा असे धरून चालते.

हिमरेषा

मॅडम, आपण लिहिलेला छातीतल्या हवेचा मुद्दा वाचून मी थोडा वेळ स्तब्ध बसलो. गेल्या हिवाळ्यात घसरून बरगड्या मोडलेल्या एका जवानाला मी हेलिकॉप्टरने खाली पाठवले होते. त्याला काही झाले नाही, परंतु उड्डाणाच्या दृष्टीने त्याची छाती मी तपासली होती का, या प्रश्नाचे माझे प्रामाणिक उत्तर नाही असे आहे. वही आजपासून सुरू केली आहे.

एक उपप्रश्न विचारतो. मला शस्त्रक्रियेपेक्षा रोगप्रतिबंध आणि व्यवस्थेचे काम अधिक आवडते, हे या अडीच वर्षांत लक्षात आले. पाणी, स्वच्छता, थंडीपासून बचाव, उंचीशी जुळवून घेण्याचे टप्पे नीट पाळले गेले तर माझ्या बटालियनमधले निम्मे सिक रिपोर्ट (आजारपणाच्या नोंदी) टळतात असे मला वाटते. अशा आवडीच्या डॉक्टरसाठी सरांनी सांगितलेला क्रम बदलतो का?

उत्तर: कर्नल (निवृत्त), कम्युनिटी मेडिसिन, नागपूर

बदलतो, आणि बराच बदलतो. सर्जन कमोडोर साहेबांनी जे लिहिले ते रुग्णशय्येशी बांधलेल्या विषयांना तंतोतंत लागू आहे. तुम्ही ज्या आवडीचे वर्णन केले आहे तिला आपल्या सेवेत दोन वाटा आहेत, एक एमडी कम्युनिटी मेडिसिनची (समूहाचे आरोग्य आणि रोगप्रतिबंध) आणि दुसरी हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनची (रुग्णालय व्यवस्थापन). दोन्हींचे शिक्षण पुण्याच्या एएफएमसीत होते. या विषयांत मुख्यालयातली नेमणूक म्हणजे कामापासून तुटणे नव्हे, तेच काम असते. स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये काम करणाऱ्या अधिकाऱ्याला छावणीतले पाणी, डास, स्वयंपाकघर, लसीकरण आणि साथरोग यांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि डास काही स्थलसेना कोणती आणि वायुदल कोणते हे बघून चावत नाही.

माझा एक अनुभव सांगतो, ठिकाण सांगत नाही. तिन्ही दलांच्या तुकड्या एका सरावासाठी किनाऱ्याजवळ एकत्र उतरल्या होत्या आणि चौथ्या दिवशी जुलाबाचे रुग्ण येऊ लागले. स्थलसेनेच्या तंबूत रुग्ण होते, वायुदलाच्या आवारात होते, जहाजावरून उतरलेल्या नौदलाच्या मंडळींतही होते. प्रत्येक दलाच्या डॉक्टरने आपापल्या पाण्याची तपासणी करून आपापल्या वरिष्ठांना अहवाल पाठवला. तिन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर होते, आणि तरीही दोन दिवस मूळ सापडले नाही, कारण तिन्ही याद्या एका टेबलावर ठेवून कोण कुठे जेवले हे कोणी पाहिलेच नव्हते. ते पाहायला बसलो तेव्हा अर्ध्या तासात कळले की तिन्ही ठिकाणचे रुग्ण एकाच संयुक्त भोजनाला हजर होते. त्या डॉक्टरांपैकी कोणीही निष्काळजी नव्हता. एकमेकांच्या अहवालाचा नमुना वेगळा, रुग्णसंख्या मोजण्याची वेळ वेगळी, वरिष्ठही वेगळे. त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे पहिल्या आठवड्यात शेजारच्या दलांच्या डॉक्टरांना भेटून एकच तक्ता ठरवून घेत असे.

तुमच्यासाठी मी असा क्रम सुचवेन. कायम कमिशनचा प्रयत्न आणि पदव्युत्तर प्रवेशाची तयारी दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. एमडी झाल्यावर एखादी नेमणूक अशा स्थानकावर मागा जिथे किमान दोन दले शेजारी राहतात. २००१ पासून अंदमान-निकोबारमध्ये तिन्ही दलांची एक संयुक्त कमांड आहे आणि तिथले नौदलाचे धन्वंतरी रुग्णालय सगळ्यांनाच सेवा देते, त्यामुळे आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करायला ती जागा उत्तम. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील आपल्या रुग्णालयांमध्ये, उदाहरणार्थ कांगोतील गोमा किंवा दक्षिण सुदानमध्ये, संधी मिळाली तर सोडू नका. तिथे तुम्हाला दुसऱ्या दलाबरोबरच दुसऱ्या देशांच्या सैन्यांशीही जुळवून घ्यावे लागते. कर्नल आणि समकक्ष हुद्द्यावर पोहोचल्यावर सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटमधल्या हायर डिफेन्स मॅनेजमेंट कोर्सचा विचार करता येतो. तिन्ही दलांचे अधिकारी तिथे एका वर्गात बसतात आणि अभ्यासक्रमाला उस्मानिया विद्यापीठाची व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी जोडलेली आहे. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजबद्दल तुमचे सीओ सांगत असतील. ते संयुक्त शिक्षणाचे मोठे केंद्र आहे यात वाद नाही, मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याने जागा आणि अटी त्या त्या वर्षीच्या पत्रावरूनच तपासाव्यात, ऐकीव माहितीवर वर्षभराची तयारी उभी करू नये.

कायद्याची एक गोष्ट तुमच्या पिढीने समजून घेतलीच पाहिजे. पूर्वी संयुक्त संघटनेचा प्रमुख एका दलाचा असला आणि हाताखालचा कर्मचारी दुसऱ्या दलाचा असला, तर शिस्तीचे प्रकरण त्या कर्मचाऱ्याच्या मूळ दलाकडे पाठवावे लागे. आंतरसेवा संघटनांबाबतचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला, आणि अशा अधिसूचित संघटनांच्या प्रमुखांना तिथल्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तविषयक अधिकार मिळाले. उद्या तुम्ही अशा एखाद्या संघटनेत काम कराल तेव्हा तुमच्या हाताखाली नौदलाचा मेडिकल असिस्टंट आणि वायुदलाचा कारकून असेल. तिन्ही दलांचे नियम, रजा, हुद्दे आणि बोलण्याची रीत माहीत असलेला अधिकारी तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. साधी गोष्ट पाहा, स्थलसेनेचा कॅप्टन आणि नौदलाचा कॅप्टन यांच्यात तीन पायऱ्यांचे अंतर आहे. नौदलाचा कॅप्टन आपल्या कर्नलच्या बरोबरीचा. हे न कळल्यामुळे झालेले मानापमान मी पाहिले आहेत.

उत्तर: मेरीलँडमधून एक डॉक्टर

मी नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी, गेली अनेक वर्षे अमेरिकेत आहे. इथल्या लष्करी डॉक्टरांबरोबर काम करण्याचा योग आला, म्हणून तुलनेसाठी थोडे लिहितो.

अमेरिकेत संयुक्त पात्रता ही खरोखरच कागदावर मोजली जाणारी गोष्ट आहे. १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने असे ठरवले की जनरल किंवा अॅडमिरल व्हायचे असेल तर आधी संयुक्त नेमणुकीचा अनुभव हवा, आणि त्यासाठी अभ्यासक्रम, नेमणुका व नोंदी यांची मोठी पद्धत उभी राहिली. मात्र वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि परिचर्या सेवेतील अधिकाऱ्यांना या अटीतून सूट देण्याची मुभा त्याच व्यवस्थेत आहे, तशीच ती धर्मगुरू आणि कायदा अधिकाऱ्यांनाही आहे. परिणाम असा की तिथला डॉक्टर संयुक्त पात्रतेशिवायही वर जाऊ शकतो. तिन्ही दलांची रुग्णालये एका छत्राखाली आणण्याचे काम तर डिफेन्स हेल्थ एजन्सी २०१३ मध्ये स्थापन झाल्यावर, त्यानंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले. भारतात १९४७-४८ मध्येच डॉक्टरांची वरची रचना एकत्र झाली, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटते. म्हणून इथल्या पात्रतेच्या तक्त्यांवरून स्वतःच्या वाटचालीचे माप काढू नका. इंटरनेटवर संयुक्त पात्रतेबद्दल जे वाचायला मिळते त्यातले पुष्कळसे अमेरिकेतले असते.

उत्तर: सर्जन कमोडोर (निवृत्त), पुणे

कर्नल साहेबांनी माझ्या मताची मर्यादा नेमकी दाखवली, त्यांचे आभार. प्रतिबंधाचे काम आवडणाऱ्या डॉक्टरला मी दिलेला क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. एक भर घालतो. कम्युनिटी मेडिसिन घ्यायचे ठरले तरी फील्डमधले प्रत्यक्ष रुग्णोपचाराचे काम इतक्यात सोडू नका. १९५० मध्ये कोरियात गेलेल्या ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सचे डॉक्टर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९५१ मध्ये अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानांतून उडी मारून उतरले आणि लगेच जखमींच्या शस्त्रक्रियांना लागले. ते शक्य झाले, कारण त्या तुकडीला छत्रीउड्डाण जसे येत होते तशीच शस्त्रक्रियाही येत होती. तीच तुकडी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातही रुग्णालय उभारायला गेली होती.

हिमरेषा

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा निर्णय कळवतो. कायम कमिशनच्या निवडीसाठीचा अर्ज तयार केला आहे आणि सीओ साहेबांनी त्यावर आनंदाने शिफारस लिहिली आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी कम्युनिटी मेडिसिन ही माझी पहिली पसंती असेल. एव्हिएशन मेडिसिनच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठीची लेखी विनंती एडीएमएस कार्यालयात काल पोहोचली. नौदलात बदली मागण्याचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे.

विंग कमांडर मॅडमनी सुचवल्याप्रमाणे हेलिकॉप्टर युनिटच्या दोन वैमानिकांना एमआय रूममध्ये चहाला बोलावले होते. स्ट्रेचरवरच्या रुग्णाचे डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, यावर आमचे वीस मिनिटे बोलणे झाले. मी आजवर ज्या बाजूला ठेवत आलो होतो त्या बाजूने उड्डाणात नाडी पाहायला हातच पोहोचत नाही, हे त्यांनी रिकाम्या हेलिकॉप्टरमध्ये मला झोपवून दाखवले. आमच्या नर्सिंग असिस्टंटना घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथे जाणार आहे.